जुना लॅपटॉप, वाढीव स्मृती

जून महिना उजाडला, की धाराशिव जिल्ह्यातील सेवा केंद्रांसमोर गर्दी होऊ लागते. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात आणि प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र अशी एकेक कागदपत्रे जमवावयाची असतात. त्याच सुमारास पेरण्यांची धांदल सुरू होते आणि पाठोपाठ खरीप पीक विम्याच्या अर्जांची मुदत समोर येऊन ठेपते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अंमलात आला. तेव्हापासून अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क झाला आहे. परंतु ज्या यंत्राच्या कळा दाबून अर्ज भरला जातो, ते यंत्र पुष्कळ ठिकाणी दहा-बारा वर्षांचे जुने असते. पडद्यावर वर्तुळ फिरत राहते, निम्मा भरलेला अर्ज नाहीसा होतो आणि रांगेतील मनुष्य परतीच्या एस. टी. ची वेळ पाहत उभा राहतो.

सेवा केंद्राप्रमाणेच हा प्रश्न घरोघरीही आहे. तंत्रनिकेतनात किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या मुलासाठी पुण्याहून किंवा सोलापूरहून आणलेला वापरलेला लॅपटॉप, शाळेतील शिक्षकांनी स्वखर्चाने घेतलेला लॅपटॉप, जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते त्या काळात खरेदी होऊन आजही टेबलावर तग धरून असलेला लॅपटॉप, या सर्वांची तक्रार एकच असते : यंत्र चालते, पण फार सावकाश चालते. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम यांच्यासह या जिल्ह्याचा समावेश होता. अवर्षणाचा फेरा वरचेवर सोसणाऱ्या अशा भागात नवा लॅपटॉप घेणे म्हणजे एखाद्या कुटुंबाच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीचा प्रश्न असतो. म्हणून दुकानदार जेव्हा ‘रॅम वाढवा, प्रोसेसर बदला, यंत्र नव्यासारखे होईल’ असे सांगतो, तेव्हा त्या सल्ल्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

हा सल्ला अर्धा खरा आहे. स्मृती, म्हणजे बाजाराच्या भाषेत रॅम, बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये वाढविता येते आणि तिचा गुणही चटकन दिसतो. प्रोसेसर मात्र बहुसंख्य लॅपटॉपमध्ये बदलताच येत नाही. आणि जेथे बदलता येतो, तेथेही तो बदलून होणारा लाभ अपेक्षेपेक्षा पुष्कळदा कमी असतो. हा फरक ध्यानात न घेता पैसे खर्च केल्यास ते वाया जाण्याची शक्यता अधिक.

खळ्यावरचे गणित

संगणकाच्या आत काय चालते, हे समजण्यासाठी सोयाबीनच्या मळणीचे उदाहरण घेता येईल. मळणी यंत्र हा प्रोसेसर. शेताच्या दुसऱ्या टोकाला रचलेली गंजी ही हार्ड डिस्क; सारा माल तेथे साठविलेला असतो. आणि यंत्राच्या तोंडाशी, हात पुरेल इतक्या अंतरावर जो ढीग टाकलेला असतो, ती स्मृती. यंत्रात माल घालणारा मजूर जवळच्या ढिगातून भराभर पेंढ्या उचलतो. तो ढीग मोठा असेल तर यंत्र अखंड चालते. यंत्राजवळ जागाच थोडी असेल, तर दर दहा मिनिटांनी गंजीपर्यंत फेरी मारावी लागते आणि तेवढा वेळ यंत्र नुसतेच घुरघुरत राहते. अशा वेळी अधिक अश्वशक्तीचे मळणी यंत्र आणून काय उपयोग? तेही तितकेच रिकामे फिरेल.

लॅपटॉपमध्ये नेमके असेच घडते. एकाच वेळी ब्राउझरची आठ-दहा पाने, छायाचित्रे लहान करण्याची आज्ञावली, विषाणुरोधक आज्ञावली आणि मुद्रकाची आज्ञावली उघडली, की चार जीबी स्मृती भरून जाते. मग संगणक स्मृतीतील काही मजकूर तात्पुरता हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि गरज पडताच परत आणतो. स्मृतीतील एखादी नोंद मिळण्यास एका सेकंदाचा सुमारे एक कोटीवा हिस्सा पुरतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला मात्र तबकडी फिरून योग्य जागा सुईखाली येईपर्यंत थांबावे लागते आणि त्यात दहा ते पंधरा सहस्रांश सेकंद जातात. हा फरक दुप्पट-चौपटीचा नसून लाखपटीचा आहे. फिरत राहणारे वर्तुळ ही या फेऱ्यांचीच खूण होय.

वेग कोठे अडतो, ते आधी पाहावे

धाराशिव जिल्ह्यातील उस्मानाबादी शेळी देशभर प्रसिद्ध आहे. आठवडी बाजारात ती घेताना जाणता शेतकरी आधी तिचे तोंड उघडून दात पाहतो, मग किमतीचे बोलतो. लॅपटॉपच्या बाबतीत तेवढी चौकसपणाची वृत्ती पुरेशी आहे आणि त्यासाठी खर्चही नाही.

विंडोज १० असलेल्या यंत्रावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स’ या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. नेहमीचे सर्व काम सुरू ठेवून पाच मिनिटे हे आलेख न्याहाळावेत. मेमरीचा आलेख ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून राहिला असेल, डिस्क वारंवार १०० टक्क्यांवर जात असेल आणि प्रोसेसर मात्र २०-३० टक्क्यांवर स्वस्थ असेल, तर स्मृतीची टंचाई आहे हे निश्चित समजावे. मेमरी निम्मी रिकामी असून डिस्कच १०० टक्क्यांवर असेल, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. ती मंद आहे किंवा खराब होऊ लागली आहे. प्रोसेसर एकटाच दीर्घकाळ १०० टक्क्यांवर असेल तरच प्रोसेसरचा विचार करावा, आणि तोही लगेच नव्हे. त्याचे कारण पुढे येईल.

त्याच पानावर मेमरीखाली आणखी एक उपयुक्त माहिती असते. यंत्रात स्मृतीसाठी एकूण खाचा किती आणि त्यांपैकी भरलेल्या किती, हे ‘स्लॉट्स यूज्ड’ या शब्दांपुढे दिलेले असते. दोनपैकी एक भरलेली असेल तर काम सोपे. दोन्ही भरलेल्या असतील तर एक पट्टी काढून मोठी बसवावी लागते. काही सडपातळ लॅपटॉपमध्ये स्मृती मुख्य पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवर, डाख देऊन पक्की केलेली असते. तेथे वाढ करण्यास वाव नसतो.

स्मृतीची निवड

लॅपटॉपची स्मृती सुमारे पावणेसात सेंटीमीटर लांबीच्या हिरव्या पट्टीवर असते. ही पट्टी सर्वांत एकसारखी दिसते, परंतु तिच्या पिढ्या भिन्न आहेत आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. साधारणपणे २०१० ते २०१५ या काळातील लॅपटॉपमध्ये डीडीआर-३ जातीची, २०४ टोकांची पट्टी असते. त्यानंतरच्या यंत्रांत डीडीआर-४, २६० टोकांची. आणि अलीकडच्या यंत्रांत डीडीआर-५, २६२ टोकांची. चुकीची पट्टी बसू नये म्हणून तिच्या कडेला एक खोबण ठेवलेली असते आणि प्रत्येक पिढीत तिची जागा निराळी असते. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावण्यापूर्वी लेबल वाचणे शहाणपणाचे.

डीडीआर-३ मध्ये एक पोटभेद आहे आणि खरेदीत घोटाळा होतो तो बहुधा येथेच. मूळ डीडीआर-३ पट्टी दीड व्होल्टवर चालते, तर डीडीआर-३-एल ही पट्टी १.३५ व्होल्टवर. दोन्ही एकाच खाचेत बसतात. इंटेल कंपनीच्या चौथ्या पिढीच्या, म्हणजे २०१३ पासूनच्या, लॅपटॉपना सामान्यतः कमी व्होल्टची पट्टीच लागते. दीड व्होल्टची बसविल्यास यंत्र सुरू होत नाही आणि ग्राहक लॅपटॉपच बिघडला असे समजतो. उलट कमी व्होल्टची पट्टी बहुधा दोन्ही ठिकाणी चालते. म्हणून जुनी पट्टी काढून सोबत नेणे आणि तिच्यावरील लेबल दुकानदारास दाखविणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

किती स्मृती पुरेशी? दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास यांसाठी आठ जीबी पुष्कळ झाली. चारवरून आठवर गेल्यावर जो फरक पडतो, तो आठवरून सोळावर गेल्यावर या कामांत पडत नाही. दोन खाचांत सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असल्यास प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी मजकूर घेतो आणि वेग थोडा वाढतो. पण चार जीबीच्या जोडीला आठ जीबीची पट्टी लावल्याने काही बिघडत नाही. एक अट मात्र आहे. यंत्रावरील विंडोज ३२ बिटांची असेल, तर चार जीबीच्या पलीकडील स्मृती तिला दिसतच नाही. प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच हाती लागते. विंडोज ७ च्या काळातील कित्येक लॅपटॉपवर अशीच आवृत्ती होती. अशा ठिकाणी ६४ बिटांची आवृत्ती बसविल्यावाचून नवी पट्टी निरुपयोगी ठरेल.

पट्टी बसविण्याचे काम दहा मिनिटांचे आहे. यंत्र पूर्ण बंद करून विजेची तार काढावी, बॅटरी निघत असेल तर काढावी आणि सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. नळ किंवा खिडकीचा गज अशा जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावरील स्थिर वीज पट्टीची हानी करू शकते. खालचे झाकण उघडल्यावर पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ओढल्या, की पट्टी तिरपी वर उचलली जाते. नवी पट्टी त्याच तिरप्या कोनात सोनेरी टोके दिसेनाशी होईपर्यंत आत सारून खाली दाबावी. दोन्ही चिमट्या ‘टक्’ असा आवाज करून बसतात. सोनेरी टोकांना बोट लावू नये. यानंतर पडद्यावर काहीच न दिसल्यास घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक वेळा पट्टी एका बाजूने अर्धवट बसलेली असते.

स्मृतीच्या जोडीला आणखी एक बदल सुचवावासा आहे, जरी दुकानातील संभाषणात त्याचे नाव उशिरा निघते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी, म्हणजे हलणारा कोणताही भाग नसलेली साठवण, बसविणे. जुन्या लॅपटॉपच्या साटा जोडणीवरही ती सेकंदाला सुमारे ५०० एमबी मजकूर देते, तर जुनी डिस्क शंभरच्या आसपास. गंजीच खळ्याजवळ आणून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. प्रोसेसरसाठी बाजूला काढलेले पैसे या कामी लावल्यास ते अधिक सत्कारणी लागतात, असे म्हणण्यास काहीच हरकत नाही.

प्रोसेसर बदलता येतो काय?

लॅपटॉपचे प्रोसेसर दोन पद्धतींनी बसविलेले असतात. एका पद्धतीत मदरबोर्डवर सॉकेट असते. त्यात प्रोसेसरच्या बारीक टाचण्या उतरतात आणि बाजूचा एक स्क्रू अर्धा वेढा फिरविला की तो पक्का होतो. दुसऱ्या पद्धतीत प्रोसेसरच्या पोटाखाली डाखाचे शेकडो सूक्ष्म मणी असतात आणि कारखान्यातच ते उष्णतेने वितळवून प्रोसेसर पाटीला कायमचा चिकटविलेला असतो. इंटेलच्या लॅपटॉप-प्रोसेसरांत सॉकेटची पद्धत चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे २०१३-१४ पर्यंत टिकली. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपसाठी सॉकेटचा प्रोसेसर त्या कंपनीने काढलाच नाही. लॅपटॉप अधिकाधिक पातळ व्हावा, या स्पर्धेत सॉकेटची दोन-तीन मिलिमीटर उंची उत्पादकांना नकोशी झाली. ग्राहकाने सडपातळपणाचे कौतुक केले. दुरुस्तीचा हक्क त्यात हळूच गेला, हे त्याच्या लक्षात यावयास बराच काळ जावा लागला.

प्रोसेसरच्या नावाच्या शेवटच्या अक्षरावरून पहिला अंदाज येतो. शेवटी ‘यू’ असेल तर तो डाख दिलेला आहे आणि विषय तेथेच संपला. दुसऱ्या ते चौथ्या पिढीत शेवटी ‘एम’ किंवा ‘क्यूएम’ असेल तर तो सॉकेटचा असू शकतो. असू शकतो, असतोच असे नव्हे. कारण त्यांतील काही प्रोसेसर दोन्ही प्रकारांत निघाले. लेनोव्होचा थिंकपॅड टी-४३० आणि डेलचा लॅटिट्यूड ई-६४३० ही कार्यालयांतून निवृत्त होऊन जुन्या बाजारात मोठ्या प्रमाणात आलेली यंत्रे सॉकेटची आहेत. त्यांच्याच घराण्यातील पातळ यंत्रांत मात्र डाख दिलेला प्रोसेसर आढळतो. खात्रीसाठी कंपनीने त्या त्या यंत्राकरिता प्रसिद्ध केलेली देखभाल पुस्तिका पाहावी. तीत प्रोसेसर हा स्वतंत्रपणे काढता येणारा भाग म्हणून दाखविला असेल तरच तो सुटा आहे.

सॉकेट आहे म्हणून कोणताही प्रोसेसर चालतो, असेही नाही. तो त्याच पिढीचा, त्याच सॉकेटचा आणि त्या मदरबोर्डच्या मूळ आज्ञावलीला, म्हणजे बायोसला, ठाऊक असलेला असावा लागतो. बायोसने ओळखला नाही तर पडदा काळा राहतो. शिवाय उष्णतेचा हिशेब आहे. जुन्या काळच्या दोन गाभ्यांच्या साध्या प्रोसेसरला ३५ वॅटपर्यंत उष्णता बाहेर टाकावी लागते, तर चार गाभ्यांच्या पुष्कळशा प्रोसेसरांना ४५ वॅटपर्यंत. लॅपटॉपचा पंखा आणि तांब्याची नळी पहिल्या आकड्यासाठी घडविलेली असेल तर दुसरा आकडा तिला पेलत नाही; चार्जरही अपुरा पडू शकतो.

समजा, परंडा तालुक्यातील एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा कोअर आय-५ ३२१०-एम हा प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे. त्यात दोन गाभे आहेत. त्याच पिढीतील कोअर आय-७ ३६३२-क्यूएम या प्रोसेसरमध्ये चार गाभे असून त्याची उष्णतेची मर्यादाही ३५ वॅटच आहे. बायोसची मान्यता असल्यास हा बदल युक्त ठरतो. पण लाभ कोणता? चित्रफितीचे संपादन, अभियांत्रिकी आराखडे, मोठ्या आज्ञावली तयार करणे अशा कामांत, जेथे चारही गाभे एकाच वेळी राबतात, तेथे वेळ स्पष्टपणे वाचेल. संकेतस्थळावर अर्ज भरणे, पत्र टंकलिखित करणे, व्याख्यान ऐकणे यांत दोन्ही प्रोसेसरांमधील फरक क्वचितच जाणवेल. विद्यार्थी कोणते काम करतो, यावर निर्णय अवलंबून आहे. दुकानातील फलकावर नव्हे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील बाजारात डाख दिलेले भाग काढून बसविणारे कुशल कारागीर आढळतात. बिघडलेला एखादा भाग वाचविण्यासाठी त्यांचे कसब मोलाचे आहे. केवळ वेगासाठी चालू असलेल्या यंत्राचा प्रोसेसर असा उपटून काढणे मात्र जोखमीचे. पाटी भाजली तर सारेच गेले. त्यापेक्षा त्याच यंत्रासाठी निघालेला वरच्या दर्जाचा मदरबोर्ड मिळाल्यास तो बदलणे अधिक सुरक्षित असते.

धूळ, उन्हाळा आणि वीज

प्रोसेसर १०० टक्क्यांवर राहतो म्हणून तो अपुरा आहे, असा निष्कर्ष घाईने काढू नये, असे वर म्हटले त्याचे कारण येथे आहे. प्रोसेसरचे तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले, की तो स्वतःच्या बचावासाठी आपला वेग आपणच कमी करतो. बालाघाटच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उन्हाळ्यातील वावटळीची माती, रस्त्याची धूळ आणि पत्र्याच्या छताखालील खोली यांची त्यात भर पडते. पाच-सात वर्षे न उघडलेल्या लॅपटॉपचा पंखा उघडून पाहिल्यास त्याच्या तोंडाशी नमद्यासारखा धुळीचा थर जमलेला आढळतो. प्रोसेसर आणि तांब्याची नळी यांच्यामधील उष्णतावाहक लेपही तोपर्यंत वाळून खडूसारखा झालेला असतो.

थर काढून, जुना लेप पुसून नवा लेप लावला, तर अंगचाच हरवलेला वेग परत मिळतो. या कामाला लागणाऱ्या लेपाची नळी स्मृतीच्या पट्टीच्या मानाने अगदी स्वस्त असते. प्रोसेसर बदलण्याचा सल्ला मिळालेल्या प्रत्येकाने हे आधी करून पाहावे.

विजेचा संबंध बायोसशी येतो. नवा प्रोसेसर ओळखता यावा म्हणून बायोसची नवी आवृत्ती चढविण्यास सांगितले जाते. ही क्रिया काही मिनिटांचीच असते, परंतु ती अर्ध्यावर तुटली तर मदरबोर्ड मुका होतो. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून वीज गेल्याने काय बिघडणार, असे वाटेल. पण दहा वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा केव्हाच निकामी झालेली असते आणि यंत्र केवळ तारेवर चालते. अशा यंत्रावर ही क्रिया इन्व्हर्टरच्या आधाराशिवाय करू नये. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी ठराविक प्रमाणात भरलेली नसेल तर बायोस बदलण्यास यंत्र स्वतःच नकार देते. तो अडथळा युक्तीने ओलांडण्याचे सल्ले मिळतात, ते मानू नयेत.

विंडोजची मुदत

एक गोष्ट स्मृतीने किंवा प्रोसेसरनेही सुटत नाही. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला; घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षाविषयक सुधारणांची वाढीव सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. विंडोज ११ साठी चार जीबी स्मृती पुरते, परंतु टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतरीत्या आवश्यक आहे. सॉकेटचे लॅपटॉप चौथ्या पिढीच्या पुढे जाऊच शकत नाहीत. तेव्हा ‘प्रोसेसर बदलून विंडोज ११ टाकून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर त्या सांगण्यावर विसंबू नये.

अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, या पुण्यात मुख्यालय असलेल्या केंद्र शासनाच्या संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली भारतीय भाषांच्या सोयीसह विकसित केली आहे. लिनक्स मिंटसारख्या प्रणालीही विनामूल्य मिळतात आणि चार जीबी स्मृतीवर समाधानकारक चालतात. विद्यार्थ्यास आणि घरगुती वापरास ही व्यवस्था चांगली. सेवा केंद्राने मात्र सावध असावे. अंगठ्याचा ठसा घेणारे उपकरण, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आणि मुद्रक यांच्या आज्ञावली लिनक्ससाठी उपलब्ध आहेत की नाहीत, हे पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून आधी तपासता येते; तेवढ्यासाठी मूळ विंडोज पुसण्याची गरज नसते.

खरेदी आणि काढलेले भाग

धाराशिवहून सोलापूर सुमारे सत्तर किलोमीटर. उमरगा, लोहारा या भागातील लोकांना सोलापूर किंवा लातूर, तर परंडा, भूमकडील लोकांना बार्शी सोयीची. कोठेही घेतले तरी पावती घ्यावी आणि तीवर पट्टीची जात, क्षमता व हमीचा काळ लिहून घ्यावा. २०२५ च्या उत्तरार्धापासून स्मृतीच्या किमती जगभर चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या संगणक केंद्रांकडे कारखान्यांचे उत्पादन वळले, त्याची झळ थेट तालुक्याच्या दुकानापर्यंत आली. त्यामुळे वापरलेल्या पट्ट्यांचा बाजार वाढला आहे. वापरलेली पट्टी घेण्यास हरकत नाही, मात्र ती आपल्याच यंत्रात बसवून पाहावी. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही तपासणी चालविली असता सदोष पट्टी बहुधा उघडकीस येते. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले असून, सहभागी कंपन्यांच्या दुरुस्ती व सुट्या भागांविषयीची माहिती तेथे एकत्र पाहावयास मिळते.

काढलेली दोन किंवा चार जीबीची पट्टी टाकून देऊ नये. तीच दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपच्या रिकाम्या खाचेत उपयोगी पडते. फुगलेली बॅटरी मात्र घरात ठेवू नये, जाळू नये आणि भंगाराच्या हातगाडीवरही देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार असे साहित्य नोंदणीकृत संकलकाकडेच जावयास हवे.

राहता राहिली जुनी हार्ड डिस्क. ती चालू असेल तर बाहेरून जोडण्याच्या डबीत घालून साठवणीसाठी वापरता येते. परंतु सेवा केंद्रातील डिस्क विकावयाची असेल, तर एक खबरदारी घेणे अत्यावश्यक आहे. तीवर शेकडो लोकांची आधारपत्रे, बँकेची पुस्तके आणि सात-बारा उतारे साठलेले असतात. धारिका ‘डिलीट’ केल्याने त्या दिसेनाशा होतात, नष्ट होत नाहीत. साध्या आज्ञावलीने त्या परत मिळविता येतात. संपूर्ण डिस्कवर एकदा नवा मजकूर लिहून घेणारे पूर्ण फॉरमॅट करावे, आणि त्यासाठी काही तास लागले तरी ते मध्येच थांबवू नये. डिस्क बंदच पडली असेल तर ती विकू नये. तिच्या तबकडीला ड्रिलने आरपार दोन-तीन भोके पाडून मगच ती ई-कचऱ्यात द्यावी.